वाळवंटी आणि डोंगराळ राष्ट्रीय उद्यानांत नेमकं बघायचं काय?

पायपीट

मंडळी, बाळबोध प्रश्न आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, मग उत्तर द्या.

आजवर पाहिलेली राष्ट्रीय उद्यानं सगळी झाडीतली. तिथे काय बघायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. जीपमध्ये बसायचं, गाइडने बोट केलं की मान वळवायची, वाघ दिसला तर दिवस सार्थकी, नाही तर सांबरावर समाधान. आता मात्र डोक्यात उघड्याबोडक्या जागा घोळताहेत. लडाखचं हेमिस, अमेरिकेतली डेथ व्हॅली आणि ग्रँड कॅन्यन, झालंच तर नामिबियातलं नामिब-नौक्लुफ्त. सगळीकडे जाणं होणार नाही हे उघड आहे, पण एक तरी ठरवायचंय.

अडचण अशी की फोटो बघायला बसलो की पहिल्या दोन फोटोंना 'आहाहा' आणि तिसऱ्यापासून सगळं एकसारखं. एक तर तपकिरी डोंगर, नाही तर पिवळी वाळू. आणि वर्णन कुठलंही उघडा, 'समृद्ध जैवविविधता' हे शब्द ठरलेले. ती असते कुठे? घरच्यांचं मत 'डोंगर निवड, वाळवंटात काय ठेवलंय'. तर तुमचा कौल कुणाला? आणि गेल्यावर नजर कशावर ठेवायची? प्राणी दिसला नाही म्हणून दिवस फुकट गेला असं वाटू नये, एवढीच अपेक्षा.

चहाटळ

वाखूसा (वाचनखूण साठवली). हाच प्रश्न मलाही होता, विचारायचा धीर होत नव्हता. पोहराकाका येतीलच आता पाणी घेऊन. 😀

पोहरा

आलो.

डोंगर की वाळवंट हा कौलच मला मान्य नाही. तुमच्या यादीतलं डेथ व्हॅलीचं वाळवंट डोंगरांनीच केलेलं आहे, आणि हेमिसला डोंगर म्हणायचं की वाळवंट याचा निकाल आजतागायत कुणी लावलेला नाही. नामिबचं प्रकरण वेगळं आहे, त्याकडे शेवटी येतो.

माझी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. त्यामुळे कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न एकच: इथलं पाणी येतं कुठून, जातं कुठे आणि वाटेत थांबतं किती? दाट जंगलात हे विचारून फारसं हाती लागत नाही, झाडांनी सगळं झाकलेलं असतं. उघड्या जमिनीवर पाण्याचं प्रत्येक पाऊल उमटलेलं दिसतं. वाळवंटाइतकं पाण्याचं काम दुसरीकडे कुठे इतकं स्पष्ट बघायला मिळत नाही, हे ऐकायला उफराटं वाटेल, पण आहे तसंच आहे.

डेथ व्हॅली घ्या. पॅसिफिकवरून आलेल्या ढगाला तिथे पोचेपर्यंत चार डोंगररांगा ओलांडाव्या लागतात. प्रत्येक रांग आपला वाटा काढून घेते आणि खोऱ्याच्या पदरात वर्षाला सरासरी जेमतेम 5 सेंटीमीटर पाऊस पडतो. बॅडवॉटर नावाचा तळ समुद्रसपाटीपासून 86 मीटर खाली. तिथे उभं राहून पश्चिमेला बघितलं की समोर टेलिस्कोप शिखर, साडेतेहेतीसशे मीटरच्या वर. हवाई अंतर पंचवीसेक किलोमीटर. साधारण हिशोब असा की दर हजार मीटर चढाला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे तळात आणि माथ्यावर एकाच दुपारी वीस-बावीस अंशांचा फरक. खाली मीठ, वर हिवाळाभर बर्फ आणि हजारो वर्षं जगणारे ब्रिसलकोन पाइन. 10 जुलै 1913 रोजी याच खोऱ्यात फर्नेस क्रीकला 56.7 अंश सेल्सियस नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेच्या यादीत अजून तोच विक्रम आहे. लोक तेवढाच आकडा ऐकून परततात. माझ्या मते त्या उद्यानातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो आकडा.

बघायचं काय, तर पंखे. डोंगरातल्या अरुंद घळीतून लोंढा बाहेर पडतो, एकदम मोकळी जागा मिळते, वेग मोडतो आणि हातातलं ओझं तिथेच टाकतो. पुढच्या लोंढ्याला ते ओझं आडवं येतं, म्हणून तो बाजूने जातो. असं हजारो वर्षं चाललं की घळीच्या तोंडापासून पंख्यासारखा पसरलेला गाळाचा उतार तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकातलं पंखाकृती मैदान म्हणतात ते हेच. डेथ व्हॅलीत ते इतके नागडे दिसतात की चित्र काढून दाखवल्यासारखे. त्यातही एक गंमत बघा: पश्चिमेकडचे पंखे प्रचंड, एकात एक मिसळलेले, पूर्वेकडचे लहान, सुटे सुटे. कारण खोऱ्याचा तळच पूर्वेकडे कलतोय, त्यामुळे पूर्वेच्या पंख्यांचा पायथा गाळाखाली गाडला जातो. जमीन तिरकी होते आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळतं!

आता एक काम करा. पंख्याच्या वरच्या टोकापासून खाली मिठापर्यंत चालत या, हिवाळ्यात अर्थातच. घळीच्या तोंडाशी माणसाच्या उंचीचे धोंडे. जरा खाली आलात की फुटबॉलएवढे दगड, मग खडी, मग वाळू, मग पायाला मऊ लागणारी माती. पाण्याने जड माल आधी उतरवला आणि हलका शेवटी. दगडांची वरची बाजू काळपट तपकिरी, चकचकीत. उलटा करून बघितला तर खालून फिका. ती काळी चकाकी म्हणजे लोह-मँगनीजचा लेप, आणि तो चढायला हजारो वर्षं लागतात. म्हणून पंख्याचा जो भाग जास्त काळा तो जुना, तिथे बऱ्याच काळात पाणी आलेलं नाही. फिकट पट्टा दिसला की समजा लोंढ्याची ताजी वाट. (दगड होता तसा परत ठेवा. उचलून आणू नका, कायद्यानेही गुन्हा आहे.)

आणि झुडपं बघत या. वरच्या खडीवर क्रिओसोटची झुडपं, एकमेकांपासून अंतर राखून, मोजून लावल्यासारखी. खाली क्षार वाढले की ती थांबतात आणि चांदीसारख्या पांढुरक्या पानांचं डेझर्ट हॉली सुरू होतं. मग पंखा संपतो तिथे एकदम मेस्किटची गर्द झाडं, आपल्या वेड्या बाभळीची भावकी. ती दिसली की समजायचं, इथे खाली गोडं पाणी आहे, मुळांच्या आवाक्यात. त्याच्या पुढे पिकलवीड, खारट पाणी पचवणारं. आणि त्याच्या पुढे काही नाही, नुसतं मीठ. मिठातसुद्धा पट्टे आहेत: कडेला कार्बोनेट, मग सल्फेट, मधोमध साधं खायचं मीठ. सगळ्यात कमी विरघळणारं आधी बसलं, सगळ्यात जास्त विरघळणारं शेवटी. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या लावून दाखवतात तो धडा इथे काही किलोमीटरभर पसरलाय. ही विविधता नव्हे तर काय? प्राणी एकही दिसला नाही तरी दिवस कमी पडतो.

मात्र एक प्राणी दाखवल्याशिवाय सोडणार नाही. नेवाडात डेव्हिल्स होल नावाचं एक विवर आहे. मुख्य उद्यानापासून तुटक, पण 1952 पासून डेथ व्हॅलीचाच भाग. चुनखडकातली फट, तळाशी सुमारे 33 अंशांचं कोमट पाणी. पाणबुडे 130 मीटरच्या खाली जाऊन आले, बूड लागलं नाही. पाण्यात एका कडेला उथळ खडकाची फळी आहे, काही मीटर लांबरुंद, आणि त्या फळीवर अंडी घालणारा इंचभर निळसर मासा. डेव्हिल्स होल पपफिश. निसर्गात हा मासा फक्त इथेच. 2013 साली मोजणीत 35 भरले होते.

साठच्या दशकाच्या शेवटी जवळच्या शेतीसाठी जमिनीखालचा उपसा वाढला आणि विवरातली पातळी उतरू लागली. फळी उघडी पडली असती तर मासा संपला असता. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1976 मध्ये निकाल माशाच्या बाजूने लागला: उपसा एवढाच करा की फळी पाण्याखाली राहील. आमच्या खात्यात हा निकाल लोक अजून तोंडपाठ सांगतात. एका विहिरीचा उपसा दुसऱ्याच्या पाण्याला लागतो हे पटवायला आम्ही उभी हयात घालवली. इथे इंचभर माशाने ते कोर्टात सिद्ध केलं. आणि जमिनीखालचं पाणी किती लांबवर जोडलेलं असतं ते बघायचं तर सप्टेंबर 2022 मध्ये मेक्सिकोत मोठा भूकंप झाला तेव्हा या विवरात मीटरभर उंच लाटा उसळल्या होत्या, हजारो किलोमीटरवर!

हेमिस. 1981 चं उद्यान, सुमारे 4,400 चौरस किलोमीटर, भारतातलं सगळ्यात मोठं. हिमालयाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे मोसमी वाऱ्यांच्या पर्जन्यछायेत. जवळच्या लेहला वर्षाला दहा सेंटीमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ. आकाशातून जवळजवळ काही नाही, सगळा कारभार वरच्या बर्फावर आणि हिमनद्यांवर. तिथला पाण्याचा दिवस घड्याळासारखा चालतो. सकाळी ओढा घोट्याएवढा. ऊन चढेल तसं वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार होते आणि तोच ओढा मांड्यांपर्यंत येतो. मार्खा खोऱ्यात चालणारे म्हणूनच ओढे सकाळी ओलांडतात.

आणि इथेही पंखेच! दरीत जिथे हिरवा तुकडा दिसेल तिथे वर बघा, घळ असणारच. पाणी तिथेच येतं, माती तिथेच असते, म्हणून गावं पंख्यावर वसलेली. विलो, पॉप्लर, सी-बकथॉर्नच्या रांगा, पाटाचं पाणी, आणि पाट संपला की एका पावलावर उघडी खडी. पण पंखा ज्या लोंढ्याने बनवला तो लोंढा कधीतरी परत येतोच. ऑगस्ट 2010 मध्ये लेह आणि आसपास एका रात्रीत जे झालं ते हेच. दोनशेहून जास्त माणसं गेली. कोरडी जमीन, झाडं नाहीत, तीव्र उतार, आणि काही तासांत कोसळलेला पाऊस. म्हणून मी म्हणतो वाळवंटात पाणी जास्त बघा.

नामिबचं सांगायचं राहिलं. तिथे डोंगराचा दोष नाही, समुद्राचा आहे. किनाऱ्यालगत बेंग्वेलाचा थंड प्रवाह वाहतो. थंड पाण्यावरची हवा थंड, ती वर चढत नाही, पाऊस होत नाही. होतं ते धुकं. ते रात्री-पहाटे वाळवंटात आत शिरतं आणि तिथली जीवसृष्टी त्यावर जगते. एक काळा भुंगेरा पहाटे टेकाडाच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे पाठ वर करून डोक्यावर उभा राहतो, पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि घरंगळत तोंडात येतात. वेल्विचिया नावाची वनस्पती जन्मभरात दोनच पानं काढते, ती वाऱ्याने फाटून चिंध्या होतात, पण झाड हजार वर्षंही काढतं. आणि डेडव्लेईतली ती सुप्रसिद्ध काळी मेलेली झाडं: पूर्वी तिथे नदीचं पाणी पोचायचं, वाळूच्या टेकड्यांनी वाट अडवली, झाडं वाळली. मेली त्याला काही शतकं झाली, पण कुजायलासुद्धा पाणी लागतं हो! म्हणून उभी आहेत.

लांबलं. थांबतो.

कडेलोट

काका, नेहमीप्रमाणे जोरदार. पण पाण्याच्या नादात तुम्ही उन्हाला विसरलात आणि डोंगराला नुसतं 'ढग अडवणारी भिंत' करून टाकलंत. आम्हा डोंगरवाल्यांचा निषेध नोंदवून घ्या.

डोंगरात विविधता येते ती निम्मी उतार कुठल्या दिशेला आहे त्यावरून. हिमालयात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार दिवसभर भाजतो, तिथे गवत आणि खुरटी झुडपं. त्याच दरीत समोरचा, उत्तरेकडे तोंड असलेला उतार बघा, देवदार-फरचं दाट जंगल. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो. कुलूचं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क (2014 पासून जागतिक वारसा) तर असं आहे की तीर्थन किंवा सैंजच्या खोऱ्यातून चालायला लागलात की दीड हजार मीटरवर रुंद पानांची झाडं, मग सूचिपर्णी, मग भूर्ज, मग ऱ्होडोडेंड्रॉन गुडघ्याएवढे, मग कुरणं, आणि वर सहा हजार मीटरच्या घरात नुसता खडक-बर्फ. झाडांची रेष ओलांडली की ती कळतेच, सावली एकदम संपते.

हेमिसमध्येही पाण्यापेक्षा उताराने वाटण्या केल्यात. तिथे तीन रानमेंढ्या आहेत म्हणा ढोबळमानाने. शापू नदीजवळच्या खालच्या उघड्या उतारांवर, कारण ती पळून जीव वाचवते. न्यान (तिबेटी अर्गली) उंचावरच्या गोलसर, मोकळ्या पठारांवर, तीही लांब टांगांची पळणारी. भरल मात्र चरते कुरणावर पण कड्यापासून फार लांब जात नाही. धोका दिसला की सरळ कड्यात. रंग असा की हलली नाही तर दगडच. हिमबिबट्याचं सगळं गणित भरलवर, म्हणून तोही कड्यांच्या कडेकडेने. जमिनीचा आकार वाचता आला तर कुठे दुर्बीण लावायची ते कळतं.

आणि किलिमांजारो? वरच्या कुरणांत वर्षाचे ऋतू असे नाहीतच, दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा. रोज. तिथले झाडाएवढे सेनेसिओ आपली मेलेली पानं झाडून टाकत नाहीत, खोडाभोवती गुंडाळून ठेवतात, थंडीपासून बचाव म्हणून. यात पाणी कुठे आलं?

पोहरा

@कडेलोट, निषेध नोंदवला. गोठतं ते पाणीच, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. 😀

उताराच्या दिशेचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा, आणि तो वाळवंटातही लागू. ॲरिझोनातल्या सवारो नॅशनल पार्कमध्ये बघा. सवारो निवडुंगाला उष्णता चालते, सलग गोठण चालत नाही. रात्री थंड हवा जड होऊन दरीच्या तळात साचते, म्हणून मोठे सवारो तळापेक्षा उतारांवर जास्त, आणि दक्षिणेकडच्या उतारांवर ते आणखी वरपर्यंत चढलेले दिसतात. त्याच उद्यानात रिंकन डोंगर 2,600 मीटरच्या वर जातो आणि माथ्यावर पाइन-फरचं जंगल. चारी बाजूंना निवडुंगाचा समुद्र आणि मधे जंगलाचं बेट. त्या डोंगरांना तिथे 'स्काय आयलंड'च म्हणतात. एका बेटावरची खार दुसऱ्या बेटावर जाऊ शकत नाही, मधली गरम जमीन ओलांडणार कशी?

सवारोजवळ गेलात तर खोडाच्या चुण्या बघा. पावसाआधी खोल, बोट आत जाईल अशा; पाऊस झाला की फुगून जवळजवळ सपाट. पहिला हात फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर वर्षं लागतात. म्हणजे हात असलेला कुठलाही सवारो आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठा. आणि लहान रोप सहसा उघड्यावर सापडत नाही, पालो व्हेर्देसारख्या एखाद्या झाडाच्या सावलीत वाढतं. कालांतराने रोप मोठं होतं आणि ज्याने सावली दिली ते झाड बऱ्याचदा आधी मरतं.

तांबट

खारीवरून आठवलं. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ॲबर्ट खार, पोट पांढरं. उत्तर काठावर कैबाब खार, पोट गडद आणि शेपटी पांढरीशुभ्र. दोघी पाँडेरोसा पाइनवर जगणाऱ्या, मूळ एकच. मधे दरी, आणि दरीच्या तळाशी पाइन नाही. काही किलोमीटर अंतर, पण खारीच्या हिशोबाने दुसरा खंड.

पायपीट, तुमच्या यादीत जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क नाही, याचा राग आला आहे. 3,162 चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर मिळून. लोक समच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त बघून 'थर पाहिलं' म्हणतात. टेकड्या फोटोसाठी ठीक. जीव बघायचा तर गवतात जा. सेवण गवताची माळरानं, अधूनमधून खेजडी, फोग, खडकाळ पट्टे. तिथेच माळढोक. जगात दीडशेच्या आसपास उरले असावेत असा अंदाज सांगितला जातो आणि त्यातले बहुतेक याच भागात. मादी एका वेळी सहसा एकच अंडं घालते, जमिनीवर, उघड्यावर. वजनदार पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, उडताना वळता येत नाही, आणि आता त्याच माळावर पवनचक्क्या, सौरप्रकल्प आणि विजेच्या तारा. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, 2024 मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. 'ओसाड जमीन आहे, लावा पॅनेल' असं म्हणणाऱ्या कुणालाही मी आधी सेवणात पहाटे दोन तास बसवीन. सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) बिळातून अर्धा बाहेर येऊन ऊन खात असतो, वर गरुड घिरट्या घालतात, टिटवी बोंबलते. ओसाड कुठे?

हिवाळ्यातच जा. आणि माळढोकच्या मागे जीप लावू नका, कृपया. दिसला तर लांबूनच.

पायपीट

अरे काय हे! प्रश्न विचारला होता एका ओळीचा. मनापासून आभार.

काका, दोन शंका. डेथ व्हॅलीत फुलं येतात म्हणतात, एवढ्या मिठात? आणि तुम्ही पंख्यावरून चाला म्हणालात, पण काही ठिकाणी 'वाट सोडू नका' अशी पाटी असते ती कशासाठी? तुडवायला तिथे असतं काय, माती तर आहे.

पोहरा

फुलं मिठात नाहीत, पंख्यांच्या खडीवर. तिथल्या कित्येक बियांच्या सालीत उगवण रोखणारी रसायनं असतात. दोन थेंब पडले की ती धुतली जात नाहीत, बी झोपून राहतं. शरदात चांगला भिजवणारा पाऊस पडला तरच ती निघून जातात, आणि त्यानंतर थंडीत हलक्या सरी येत राहिल्या, वारा फार सुटला नाही, तर वसंतात सगळा पंखा पिवळा. 2005 आणि 2016 ला झालं होतं तसं. त्या भरवशावर आधीपासून तिकीट काढण्यात अर्थ नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये चक्रीवादळाच्या अवशेषांनी फर्नेस क्रीकला एका दिवसात 5.6 सेंटीमीटर पाऊस टाकला, म्हणजे वर्षभराचा एका दिवसात, आणि बॅडवॉटरच्या मिठावर तळं साचलं. काही महिने टिकलं. लोक त्यात होडी घालून फिरले.

पाटीचं कारण वेगळं. तुम्हाला जी माती वाटते ती कित्येकदा जिवंत असते. युटाच्या आर्चेस आणि कॅन्यनलँड्समध्ये उत्तम दिसते. झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत खाली वाका. साधी वाळू सपाट आणि एका रंगाची असते. हिच्यावर मात्र काळपट, खडबडीत, बोटाच्या पेराएवढे बुरूज उभे असतात, मधेमधे दगडफुलाचे ठिपके, शेवाळाची गादी. नीलहरित जिवाणूंचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात. त्यामुळे वाऱ्याने माती उडत नाही, पाणी मुरतं, हवेतला नत्र जमिनीत येतो. एक बूट पडला की बुरूज मोडतो, आणि तो पुन्हा उभा राहायला दशकं लागतात. म्हणून चालायचं ते वाटेवरून, खडकावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून. पंख्यावरही लोंढ्याच्या फिकट वाटेनेच चाला म्हणजे काही बिघडत नाही.

पण पात्रातून चालताना आकाश फक्त डोक्यावरचं बघू नका. पाऊस वीस किलोमीटरवर डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे कोरड्या उन्हात येतो. अरुंद घळीत असाल तर वर चढायला जागा नसते. सकाळी निघताना रेंजरला विचारायचं, ढग असतील तर घळ रद्द.

ग्रँड कॅन्यनला गेलात तर आणखी एक. डोंगरात दमलेला माणूस उतरतो. तिथे ताजातवाना माणूस आधी उतरतो आणि दमल्यावर चढतो. दक्षिण काठ 2,100 मीटरवर, नदी साडेसातशेच्या आसपास. खाली जावं तसं गरम होत जातं. नदीला शिवून त्याच दिवशी वर येऊ नका असं तिथले रेंजर कंठशोष करून सांगतात आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी ऐकत नाही.

कडेलोट

काका, यावर मात्र काहीच बोलायचं नाही. फक्त फुलांचा विषय निघालाच आहे तर व्हॅली ऑफ फ्लॉवर्स विसरू नका. 87.5 चौरस किलोमीटर, 1982 पासून राष्ट्रीय उद्यान. तिथे उलट परिस्थिती: पाणी बक्कळ, वेळ कमी. बर्फ वितळून परत पडेपर्यंत जेमतेम चार-पाच महिने, त्यात सगळ्यांना उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला रंग बदलतो. गुरंमेंढ्या बंद केल्यावर पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती माजली आणि नाजूक फुलांना झाकायला लागली. चराई थांबवली ते बरं की वाईट यावर अजून भांडणं चालतात. माझ्या मते थोडी चराई परवडली असती, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

पायपीट

ठरलं, हेमिस. एकाच ठिकाणी दोन्ही, आणि घरचेही 'डोंगर' म्हणून खूश. सप्टेंबरमध्ये जावं म्हणतोय. बिबट्याची आशा ठेवू का?

कडेलोट

ठेवू नका. बिबट्यासाठी जानेवारीनंतरचा हिवाळा, तेव्हा भरल बर्फामुळे खाली येतात आणि तोही त्यांच्यामागे. सप्टेंबर चालायला उत्तम, ओढे उतरलेले असतात. फक्त विमानाने गेलात तर लेहला उतरल्यावर किमान दोन दिवस काहीही करू नका, जिना चढायची घाईसुद्धा नाही. लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे. डोकं दुखायला लागलं तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली यायचं, आणि वाढतंय की नाही हे दुखणाऱ्याला ठरवू द्यायचं नाही, सोबतच्याने ठरवायचं. आधीचा काही आजार असेल तर डॉक्टरांना विचारून जा.

पोहरा

आणि हेमिसमधल्या रुम्बक गावाच्या वाटेवर पहिला हिरवा तुकडा दिसला की वर घळ आहे का ते बघून इथे फोटो टाका.